बॅरिस्टर होण्याच्या कोर्सात नेमकं शिकवतात काय?

कायद्याची पदवी हातात पडली म्हणून इंग्लंडमध्ये कुणाला कोर्टात उभं राहता येत नाही. पदवीनंतर तिथे दोन वाटा फुटतात. एक सॉलिसिटरची. अशील आधी येतो तो सॉलिसिटरकडेच. करार, घराची खरेदी-विक्री, मृत्युपत्रं, खटल्याची कागदोपत्री तयारी ही सगळी त्याची कामं. दुसरी वाट बॅरिस्टरची. कोर्टात युक्तिवाद करणं, साक्षीदार तपासणं आणि अडलेल्या कायदेशीर प्रश्नावर लेखी मत देणं, हा त्याचा धंदा. इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर दीड लाखाहून जास्त आहेत. प्रॅक्टिस करणारे बॅरिस्टर मात्र सतरा-अठरा हजारच.

सॉलिसिटर होण्याची पद्धत २०२१ पासून पार बदलली. आता देशभर एकच परीक्षा आहे, तिच्या पहिल्या भागातच ३६० बहुपर्यायी प्रश्न असतात, आणि जोडीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. तयारी वर्गात बसून करा नाहीतर घरी, तो तुमचा प्रश्न. बॅरिस्टर व्हायचं तर मात्र पदवीनंतरचा प्रशिक्षणाचा कोर्स आजही चुकत नाही. त्याचं नाव दर दहा-वीस वर्षांनी बदलतं. १९८९ साली तो बार व्होकेशनल कोर्स होता, २०१० साली बार प्रोफेशनल ट्रेनिंग कोर्स झाला, आणि २०२० पासून प्रत्येक संस्था त्याला आपल्या पसंतीचं नाव देते. विद्यार्थी नुसतं ‘बार कोर्स’ म्हणतात. आपणही तेच म्हणू.

हा कोर्स का लागतो, हे समजायला गांधीजींचं उदाहरण पुरेसं आहे. बॅरिस्टर ही उपाधी देणाऱ्या लंडनमधल्या जुन्या संस्थांना ‘इन’ म्हणतात; त्यांतल्या इनर टेम्पलमधून ते १० जून १८९१ रोजी बॅरिस्टर झाले आणि दोनच दिवसांनी मायदेशी निघाले. त्या काळी दोन गोष्टी पुऱ्या केल्या की बॅरिस्टर होता येई. एक म्हणजे रोमन कायदा आणि इंग्लिश कॉमन लॉ यांच्या परीक्षा. दुसरी म्हणजे बारा सत्रं भरणं, आणि ती भरायची म्हणजे इनच्या भोजनगृहात ठरलेल्या संख्येने रात्रीची जेवणं जेवायची. साक्षीदाराला प्रश्न कसा विचारायचा, दावा कसा लिहायचा, हे कुणी शिकवत नसे. परिणाम मुंबईत दिसला. लघुवाद न्यायालयात त्यांचा पहिला खटला ३० रुपये फीचा होता. वादीच्या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला ते उभे राहिले आणि त्यांना प्रश्नच सुचेना. ते खाली बसले, खटला दुसऱ्या वकिलाकडे गेला, आणि त्या वकिलाने ५१ रुपये घेतले. हे सगळं गांधीजींनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

आजचा बार कोर्स नेमका ही उणीव भरून काढण्यासाठी आहे. तो कायदा शिकवत नाही, कायदा तुम्ही शिकून आला आहात असं धरून चालतो. कायद्याचं काम करायला शिकवतो. आपल्याकडे ‘विलायतेहून बॅरिस्टर होऊन आला’ म्हटलं की जाडजूड ग्रंथ पालथे घातलेला विद्वान डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात त्या वर्षात ग्रंथांपेक्षा जास्त वेळ उभं राहून बोलण्यात आणि मग आपल्याच बोलण्याचं रेकॉर्डिंग ओशाळत बघण्यात जातो.

आत शिरण्याआधी

प्रवेशासाठी कायद्याची पदवी लागते, ती निदान द्वितीय वर्गाच्या खालच्या श्रेणीत. पदवी इतिहासाची किंवा भौतिकशास्त्राची असली तरी चालते, पण मग एक वर्षाचा रूपांतर अभ्यासक्रम करून करार, अपकृत्य, फौजदारी कायदा, जमीन, न्यास, घटनात्मक कायदा वगैरे पायाभूत विषय पुरे करावे लागतात. भारतीय एलएलबी आपोआप धरली जात नाही. नियामक मंडळाकडून, म्हणजे बार स्टँडर्ड्स बोर्डाकडून, आपलं शिक्षण मान्य करून घ्यावं लागतं. बहुतेकांना त्यासाठी काही विषय तिथे पुन्हा करावे लागतात. इंग्रजीची अट कडक आहे. आयईएलटीएस देणार असाल तर प्रत्येक भागात ७.५ गुण.

आणि कोर्स सुरू होण्याआधी किमान बारा आठवडे चारपैकी एका इनचं सदस्य व्हावं लागतं. लिंकन्स इन, इनर टेम्पल, मिडल टेम्पल आणि ग्रेज इन. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो, कारण परदेशी विद्यार्थ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

कोर्स पूर्ण वेळ केला तर साधारण एका शैक्षणिक वर्षाचा. नोकरी सांभाळून दोन वर्षांत करणारेही बरेच असतात. तो लंडनमध्येच करायला हवा असं नाही. लीड्स, मँचेस्टर, ब्रिस्टल, बर्मिंगहॅम, कार्डिफ, नॉटिंगहॅम, न्यूकॅसल इथेही होतो, आणि राहण्याचा खर्च बघता मला तर लंडनबाहेरचा पर्याय शहाणपणाचा वाटतो. २०२० पासून चारही इननी मिळून स्वतःचं कॉलेज चालवायला घेतलं. त्यांनी कोर्सचे दोन तुकडे केले. पहिल्या भागात दिवाणी आणि फौजदारी कार्यपद्धती घरबसल्या ऑनलाइन शिकायची आणि परीक्षा द्यायची. ती पास झालात तरच दुसऱ्या भागाची मोठी फी भरून वर्गात यायचं. नापास होणाऱ्याचे निदान अर्धे पैसे तरी वाचतात. अशी सोय इतकी वर्षं कुणाला सुचू नये, याचं नवल वाटतं.

उभं राहायचं आणि विचारायचं

कोर्सचा प्राण म्हणजे वकिली बोलणं. पाच-सहा जणांचा गट, एक खोली, समोर न्यायाधीशाच्या भूमिकेत शिक्षक आणि एक कॅमेरा. प्रत्येकाच्या हातात त्याच बनावट खटल्याचे कागद. कुणी वादीच्या बाजूने, कुणी प्रतिवादीच्या.

शिकवण्याची पद्धत ऑस्ट्रेलियातले न्यायाधीश जॉर्ज हँपेल यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्या सहा पायऱ्या आहेत. विद्यार्थी बोलून झाला की शिक्षक एकच दोष निवडतो आणि त्याचं नाव सांगतो. मग विद्यार्थ्याने उच्चारलेले शब्द जसेच्या तसे परत वाचून दाखवतो. मग ते का खटकतं ते सांगतो, सुधारायचं कसं ते सांगतो, स्वतः करून दाखवतो, आणि शेवटी विद्यार्थ्याला तेवढाच तुकडा पुन्हा करायला लावतो. गाण्याच्या शिकवणीला बसलेल्याला यात नवीन काही नाही. बुवा एक जागा घेऊन दाखवतात आणि ती गळ्यात बसेपर्यंत पुढची ओळ देत नाहीत, तसंच. कसबी शिक्षक एका वेळी दोन दोष सांगत नाही. विद्यार्थ्याला मात्र आपले दहाही दोष आजच ऐकायचे असतात.

साक्षीदार तपासण्याचे दोन मोठे प्रकार, आणि दोन्हींचे नियम एकमेकांच्या उलट. आपल्या साक्षीदाराची सरतपासणी घेताना सूचक प्रश्न विचारायचा नाही. ‘तुम्ही त्या रात्री लाल गाडी पाहिली ना?’ हे चालत नाही. ‘तुम्ही कुठे होतात? काय पाहिलंत? ती कशी दिसत होती?’ असंच विचारायचं, म्हणजे हकिकत साक्षीदाराच्या तोंडून यायला हवी. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येकजण इथेच अडखळतो. उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं, आणि ते प्रश्नात घुसतंच.

उलटतपासणीत बरोबर उलटं. तिथे सूचकच प्रश्न विचारायचे, एका प्रश्नात एकच गोष्ट, आणि उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच येईल असं. समजा रस्त्यावरच्या मारामारीचा खटला आहे आणि एका साक्षीदाराने आरोपीला ओळखलं आहे. नवखा विद्यार्थी विचारतो, ‘तो हाच माणूस होता याची तुम्हाला खात्री आहे का?’ साक्षीदार म्हणतो, ‘शंभर टक्के.’ झालं, जे उत्तर नको होतं ते ज्यूरीपुढे दोनदा आलं. शिकलेला विद्यार्थी असं विचारतो. रात्रीचे अकरा वाजले होते? हो. तुम्ही रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होतात? हो. मध्ये बस येऊन थांबली? हो, थोडा वेळ. त्या माणसाच्या डोक्यावर टोपी होती? हो. त्याआधी तुम्ही त्याला कधी पाहिलं नव्हतं? नाही. इथे थांबायचं. ‘मग तुम्ही ओळखलंत कसं?’ हा प्रश्न जिभेवर येतो आणि तो गिळायचा असतो, कारण साक्षीदाराकडे त्याचं उत्तर असू शकतं. निष्कर्ष काढायचा तो शेवटच्या भाषणात, साक्षीदार घरी गेल्यावर. ओळखीच्या पुराव्यात चूक होऊ शकते, हे न्यायाधीशाने ज्यूरीला बजावावं असा दंडक १९७६ च्या टर्नबुल खटल्यापासून आहे. म्हणून त्या पाच साध्या उत्तरांना पुढे वजन येतं.

मात्र एक कर्तव्य टळत नाही. आपल्या पक्षाचं म्हणणं साक्षीदारापुढे ठेवावंच लागतं: ‘तुम्ही पाहिलेला माणूस आरोपी नव्हता, असं माझं म्हणणं आहे.’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही सत्र न्यायालयातली मराठी साक्ष वाचलीत तर शेवटच्या परिच्छेदांत ‘हे म्हणणे खरे नाही की...’ अशी रांगच्या रांग लागलेली दिसते. तिचा उगम याच नियमात आहे. विद्यार्थी हा भाग विसरतात आणि गुण घालवतात.

भारतीय विद्यार्थ्यांना आपल्या उच्चारांची धास्ती असते. ती अनाठायी आहे. अडचण येते ती वेगाची. आपण भरभर बोलतो आणि वाक्य संपवायचं विसरतो. न्यायाधीशाचं पेन चालू आहे की थांबलं आहे, ते बघून बोलायचं, ही तिथली जुनी शिकवण. आणि कलमांचा पाऊस पाडायची सवयही सोडावी लागते. न्यायाधीशाला कलम माहीत असतं, त्याला तुमच्या खटल्यात ते कुठे लागतं एवढंच हवं असतं.

लिहायचं आणि भेटायचं

लेखी कामं दोन. एक म्हणजे लेखी मत. सॉलिसिटर कागद पाठवतो आणि विचारतो, आमच्या अशिलाने दावा लावावा का? विद्यापीठातला निबंध दोन्ही बाजू मांडत मांडत शेवटी कुठेतरी पोहोचतो. इथे उत्तर पहिल्याच परिच्छेदात द्यायचं. जिंकण्याची शक्यता किती, रक्कम साधारण किती मिळेल, आणि कुठला पुरावा अजून गोळा करायला हवा. ‘यावर मतमतांतरे आहेत’ असं लिहिणाऱ्याला कुणी फी देत नाही. अशिलाला घर गहाण टाकायचं की नाही ते ठरवायचं असतं.

दुसरं काम मसुद्याचं: वादीचं कथन, प्रतिवादीची कैफियत. क्रमांक घातलेले छोटे परिच्छेद, प्रत्येकात एकच वस्तुस्थिती, युक्तिवादाला बंदी. छप्पर गळतंय असा दावा असेल तर करार कधी झाला, त्यात कोणती अट होती, ती कशी मोडली, त्यामुळे नुकसान काय झालं, याच क्रमाने जायचं. एक दुवा सुटला तरी प्रतिवादी तिथेच बोट ठेवतो.

अशिलाशी भेट हीसुद्धा परीक्षा आहे. समोर अशिलाची भूमिका करणारा माणूस असतो. तो घाबरलेला असतो, चिडलेला असतो, मुद्द्याचं सोडून शेजाऱ्याची तक्रार सांगत बसतो. ठरल्या वेळात त्याच्याकडून माहिती काढायची, त्याला शिक्षा किती होऊ शकते ते न घाबरवता पण न लपवता सांगायचं, आणि निर्णय त्याच्याकडून घ्यायचा. गुन्हा कबूल करायचा की नाही, हे त्याने ठरवायचं असतं. वकील सल्ला देतो.

चारही उत्तरं बरोबर

आता पाठांतराचा भाग. दिवाणी आणि फौजदारी कार्यपद्धतीच्या परीक्षा कॉलेज घेत नाही. त्या बार स्टँडर्ड्स बोर्ड देशभर एकाच दिवशी घेतं. प्रश्न बहुपर्यायी, पण त्यातले अनेक असे असतात की चारही पर्याय चुकीचे नसतात. ‘सर्वांत योग्य’ कोणता ते निवडायचं. म्हणजे नियम पाठ असून भागत नाही, या परिस्थितीत आधी काय करायचं ते कळावं लागतं.

दिवाणी बाजूचा ग्रंथ म्हणजे ‘व्हाइट बुक’, हजारो पानांचा. १९९९ साली लागू झालेले दिवाणी कार्यपद्धती नियम आणि त्यांवरची टीका त्यात आहे. मुदती जिभेवर लागतात. दाव्याचा अर्ज देशातल्या प्रतिवादीला चार महिन्यांच्या आत बजावायचा, परदेशात असेल तर सहा. कैफियत चौदा दिवसांत, पण दाव्याची पोच दाखल केली असेल तर अठ्ठावीस. तात्पुरता मनाई हुकूम मागायचा तर १९७५ च्या अमेरिकन सायनामिड खटल्याचे निकष. गंभीर प्रश्न आहे का, नुकसानभरपाईने भागेल का, सोय-गैरसोयीचं पारडं कुठे झुकतं? आपल्याकडच्या दिवाणी वकिलाला हे निकष ओळखीचे वाटतील, कारण आपली कोर्टंही जवळजवळ याच वाटेने जातात.

फौजदारीत अटकेपासून शिक्षेपर्यंत सगळं येतं. जामीन १९७६ च्या कायद्याने, पोलिसांचे अधिकार १९८४ च्या. २००३ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टने आरोपीचं पूर्वीचं वाईट वर्तन पुराव्यात आणायला सात दरवाजे ठेवले आहेत, आणि कुठल्या दारातून कोण आत येतं हे पाठ करताना भल्याभल्यांची झोप उडते. एप्रिल-मेमध्ये विद्यार्थ्यांच्या सामायिक स्वयंपाकघरांत फ्रिजवर, कपाटांवर या सात दरवाजांच्या चिठ्ठ्या चिकटलेल्या असतात.

वर्षाचा दिनक्रमही सांगून टाकतो. आठवड्यात वर्ग थोडे, तयारी अफाट. एका तासाच्या सरावासाठी आदल्या रात्री चार-पाच तास कागद वाचावे लागतात. घरातल्या सोबत्याला साक्षीदार बनवून प्रश्न विचारायचे, मग त्याचे आपण साक्षीदार व्हायचं. शिवाय फ्री रिप्रेझेंटेशन युनिटसारखी संस्था आहे, १९७२ पासूनची. तिथे प्रशिक्षण घेऊन विद्यार्थी नोकरीच्या किंवा सरकारी भत्त्यांच्या वादात गरजूंची बाजू न्यायाधिकरणापुढे फुकट मांडतात. खरा माणूस, खरा निकाल. कोर्समधल्या कुठल्याही सरावापेक्षा याने माणूस जास्त तयार होतो, असं माझं मत.

अशिलाने खरं सांगितलं तर?

व्यावसायिक नीती हा विषय कागदावर छोटा दिसतो आणि गप्पांत सगळ्यात जास्त चघळला जातो. लोकांचा नेहमीचा प्रश्न: अशील म्हणाला, ‘हो, मीच केलं’, तरी तुम्ही त्याला निर्दोष सोडवणार?

तिथलं उत्तर असं आहे. ही कबुली गुप्त आहे, ती कुणाला सांगता येत नाही. वकील खटला चालवू शकतो, पण हात बांधलेले असतात. सरकार पक्षाचा पुरावा पुरेसा आहे का, साक्षीदार विश्वासार्ह आहे का, हे तपासता येतं. ‘माझा अशील तिथे नव्हता’ असं सुचवता मात्र येत नाही, कारण ती कोर्टाची दिशाभूल होईल. अशील शपथेवर खोटं सांगायचा हट्ट धरून बसला तर वकिलाने बाहेर पडायचं, कारण न सांगता. आणखी एक नाजूक प्रसंग. सरकार पक्षाच्या नोंदीत अशिलाची जुनी शिक्षा आलेलीच नाही, वकिलाला मात्र ती माहीत आहे. परवानगीशिवाय ती उघड करायची नाही, पण ‘याच्यावर आजवर एकही डाग नाही’ असंही म्हणायचं नाही. कर्तव्यं एकूण दहा सांगितली आहेत. त्यांत कोर्टाप्रती असलेलं पहिलं, आणि ते बाकीच्या सगळ्यांवर मात करतं. सराव हाच, की दोन कर्तव्यं भांडायला लागली तर कुणाला वर ठेवायचं.

या विषयाची दुसरी परीक्षा कोर्स संपल्यावर, उमेदवारीच्या काळात होते. तोपर्यंत प्रत्यक्ष प्रसंग पाहिलेले असतात, म्हणून ती तिथे ठेवली आहे.

इन म्हणजे काय

इन ही शिकवणारी संस्था नव्हे आणि नियामकही नव्हे. बॅरिस्टर ही उपाधी देण्याचा अधिकार फक्त या चौघांकडे आहे, आणि तो मध्ययुगापासून चालत आलेला आहे. कोर्स कॉलेजात करायचा, परीक्षा बोर्डाची द्यायची, आणि उपाधी इनकडून घ्यायची, अशी ही तीन खांबांची रचना.

जेवणं अजूनही आहेत, फक्त सक्तीचं रूप बदललं. आता दहा ‘पात्रता सत्रं’ पुरी करावी लागतात. व्याख्यानं, चर्चा, विंडसरजवळच्या कंबरलँड लॉजमधलं निवासी शिबिर, आणि काही जेवणं. गाऊन घालून लांब टेबलांवर बसायचं. गांधीजींच्या काळी चौघांच्या गटाला वाइनच्या दोन बाटल्या मिळत, आणि ते पीत नसल्यामुळे त्यांना आपल्या चौकडीत घ्यायला चढाओढ लागायची. आज ज्येष्ठ बॅरिस्टर आणि न्यायाधीश शेजारी येऊन बसतात, आणि ज्याच्या घराण्यात कुणी वकील नाही त्याला या धंद्यातली माणसं पहिल्यांदा जवळून दिसतात. ते जेवण काहींना अवघडल्यासारखं वाटतं, ते वाटणं खोटं नाही. काटे-चमचे कुठले कधी उचलायचे, याची भीती बाळगणारे इंग्रज विद्यार्थीही खूप असतात.

महाराष्ट्राशी या इमारतींचं नातं जुनं आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली ग्रेज इनचे सदस्य झाले आणि १९२२ साली बॅरिस्टर. एकीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधलं संशोधन, दुसरीकडे बारची तयारी, आणि मध्ये पैसे संपल्याने मुंबईला परतून केलेली नोकरी. आज ग्रेज इनमध्ये त्यांच्या नावाची खोली आहे. बायकांना तर १९१९ च्या कायद्यापर्यंत दारच बंद होतं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली, पण बॅरिस्टर व्हायला १९२३ उजाडलं. त्याच वर्षी लिंकन्स इनमधून मिठन टाटा बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या.

इनला उपाधी नाकारण्याचा आणि काढून घेण्याचाही अधिकार होता, आणि तो राजकारणासाठी वापरला गेला. सावरकर ग्रेज इनच्या परीक्षा उत्तीर्ण होते, तरी १९०९ साली त्यांना बॅरिस्टर करून घेतलं नाही. त्याच वर्षी इनर टेम्पलने श्यामजी कृष्ण वर्मांचं नाव काढून टाकलं, ते २०१५ साली परत घेतलं. गांधीजींचं नाव १९२२ साली, राजद्रोहाच्या शिक्षेनंतर, काढलं गेलं आणि १९८८ साली परत आलं. आजही कोर्सला असताना वाङ्मयचौर्य किंवा गुन्ह्याची लपवलेली नोंद सापडली तर प्रकरण इनच्या समितीपुढे जातं. निबंधातली नक्कल तिथे नुसते गुण घालवत नाही.

खरी खिंड

कोर्स पास झालात, सत्रं पुरी झाली, समारंभात नाव पुकारलं गेलं. तुम्ही बॅरिस्टर झालात. पण प्रॅक्टिस करता येत नाही. त्यासाठी एक वर्षाची उमेदवारी हवी, तिला पुपिलेज म्हणतात. पहिले सहा महिने ज्येष्ठ बॅरिस्टरच्या मागे सावलीसारखं फिरायचं, दुसऱ्या सहा महिन्यांत स्वतः छोटी प्रकरणं चालवायची. ही जागा देतात चेंबर्स, म्हणजे स्वतंत्र धंदा करणाऱ्या बॅरिस्टरांनी एकत्र येऊन भाडं, कारकून आणि छप्पर वाटून घेतलेली कार्यालयं.

कोर्सला दरवर्षी दोन हजारांच्या आसपास विद्यार्थी बसतात. पुपिलेजच्या जागा साधारण पाचशे-सहाशे. अर्ज करणाऱ्यांत मागल्या वर्षांचे राहिलेलेही असतात, कारण कोर्स पाच वर्षं ग्राह्य धरला जातो. मलेशिया, पाकिस्तान, बांगलादेशातले अनेकजण उपाधी घेऊन घरी जातात, म्हणून गणित दिसतं तितकं भीषण नाही. तरी भीषणच आहे. आणि फी साधारण १२ ते १९ हजार पौंड, राहणं-खाणं वेगळं. जागा मिळण्याआधी हे पैसे ओतावे लागतात, हा या व्यवस्थेतला मोठा अन्याय आहे, असं मला वाटतं. इन दरवर्षी मोठ्या रकमेच्या शिष्यवृत्त्या देतात. एका वेळी एकाच इनकडे अर्ज करता येतो, आणि मुदत कोर्सच्या आदल्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपते. आपल्याकडचे विद्यार्थी ही तारीख हमखास चुकवतात. प्रवेश मिळाल्यावर बघू म्हणतात, तोवर ती निघून गेलेली असते.

पुपिलेजमध्ये विद्यावेतन द्यावंच लागतं. २०२५ साली लंडनसाठी किमान रक्कम २४ हजार पौंडांच्या थोडी वर होती. मोठ्या व्यापारी चेंबर्स याच्या तिप्पट-चौपट देतात. फौजदारी बाजूला मात्र नंतरही हाल असतात. सरकारी मदतीच्या खटल्यांची फी इतकी तुटपुंजी होती की २०२२ साली फौजदारी बॅरिस्टरांनी महिनोन्‌महिने काम थांबवलं. पहिल्या तीन वर्षांत खर्च जाता हातात वर्षाला १२,२०० पौंडच उरतात, असा आकडा त्या वेळी मांडला जात होता.

आणि भारतात? १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनंतर बॅरिस्टरला वेगळं आसन उरलं नाही. इथे वकिली करायची तर राज्य बार कौन्सिलची सनदच लागते. आपल्या बार कौन्सिलने १९९५ साली एक वर्षाच्या सक्तीच्या उमेदवारीचा नियम केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली व्ही. सुदीर प्रकरणात, असा नियम करण्याचा कौन्सिलला अधिकार नाही, असं सांगून तो रद्द केला. म्हणून आपल्याकडे पदवी आणि ऑल इंडिया बार परीक्षा झाली की तरुण वकील थेट कोर्टात उभा राहू शकतो. पहिली उलटतपासणी तो खऱ्या अशिलाच्या जिवावर शिकतो. सीनियर चांगला भेटला तर ठीक.

हा कोर्स आपल्याला झेपेल का, हे पैसे भरण्याआधी फुकटात तपासता येतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सुनावण्या इंटरनेटवर बघायला मिळतात, त्यातून वरच्या कोर्टातल्या युक्तिवादाची चाल कळते. साक्षीदारांसाठी मात्र जिल्हा न्यायालय गाठा. सुनावणी बंद दाराआडची नसेल तर मागच्या बाकावर बसायला कुणी हरकत घेत नाही. वही घेऊन जा, उलटतपासणीतला प्रत्येक प्रश्न उतरवून घ्या, आणि घरी आल्यावर त्यातले कुठले विचारायला नको होते त्यांवर काट मारा. असे चार दिवस काढूनही पाचव्या दिवशी जावंसं वाटलं, तर नोव्हेंबरची ती तारीख लिहून ठेवा.